आधी सिम की आधी फोन? बाबांच्या नव्या मोबाइलवरून झालेला वाद

महालचा_वाडा
बाबांचा फोन गेला. चार्जिंगची पिन आधीच सैल होती, परवा तांब्यातलं पाणी सांडलं आणि उरलासुरला जीवही गेला. म्हणून रविवारी बर्डीला, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी बाजारात, गेलो. तीन दुकानं फिरलो. तिन्हीकडे पहिला प्रश्न तोच, "बजेट किती?" आणि दुसरा, "कॅमेरा पाहिजे का बॅटरी?" फोन कुठं वापरणार, कोणत्या सिमवर वापरणार, हे एकानंही विचारलं नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला पाहिजे. आधी सिम ठरवायचं, मग त्या सिमला चालेल असा फोन.

हे मी स्वतःच्या पैशानं शिकलोय. दोन वर्षांपूर्वी सोळा हजारांचा ५जी फोन घेतला. घर नागपूरच्या महाल भागातलं, जुना वाडा, भिंती दीड हात जाड. अंगणात ५जी झक्कास. माजघरात पाय टाकला की फोन लागतो, पण पलीकडच्याला माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. कारण साधं आहे. शहरातलं ५जी बरंचसं ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवर चालतं, आणि लहर जितकी वरची तितकी ती भिंतीत अडकते. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झची लहर आत शिरते. वेग कमी देते, पण शिरते.

म्हणून या वेळी भाच्याचं, शेजारच्या काकूंचं आणि माझं, अशी तीन कंपन्यांची सिमं एकाच हँडसेटमध्ये आळीपाळीनं टाकून दोन दिवस घरभर फिरलो. माजघर, देवघर, न्हाणीघर. सिग्नलच्या दांड्या मोजल्या नाहीत, कारण दांड्या प्रत्येक फोन आपल्या मनानं दाखवतो. बहिणीला फोन लावला आणि बोललो. तिघांपैकी एकच सिम देवघरात टिकलं. ते ठरलं. आता फोन पाहतो. चुकत असेन तर सांगा.

हिशेबाची_वही
चुकताय. काळजी म्हणून तुमचं बरोबर आहे, व्यवहार म्हणून उलटं आहे.

हँडसेट चार-पाच वर्षं खिशात राहतो. सिम तीन दिवसांत बदलता येतं. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. इंग्रजीत पोर्ट लिहायचं, एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० ला एसएमएस. कोड येतो, तो चार दिवस चालतो, दुकानात आधार दाखवून नवं सिम घ्यायचं. एकाच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या एकाच विभागात, कामाचे तीन दिवस, सर्कल बदललं तर पाच. (आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये येतो. मुंबई वेगळी. मुलाचं सिम मुंबईचं असेल तर पाच दिवस धरा.) जी वस्तू तीन दिवसांत बदलते तिच्यासाठी चार वर्षांची वस्तू बांधून का घ्यायची?

फोन निवडताना पाहायचं ते हे की कंपनी किती वर्षं अपडेट देणार. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल कोणी विचारत नाही तीन वर्षांनी. बँकेचं अ‍ॅप जुन्या अँड्रॉइडवर चालायचं बंद झालं की मात्र सगळे विचारतात. सॅमसंगनं २०२४ मध्ये ए१६ ५जी आणला तेव्हा सहा वर्षांच्या अपडेटचा शब्द दिला, तोही मधल्या किमतीच्या फोनला. मी तर फोन घेताना आधी तेच वाक्य शोधतो. दुसरं म्हणजे स्टोरेज. चार जीबी रॅमला "आठ जीबीपर्यंत वाढते" असं डब्यावर लिहितात, ती वाढ स्टोरेजमधून उसनी घेतलेली असते. स्टोरेज ईएमएमसी या जुन्या, मंद जातीचं असेल तर ती उसनवारी आणखीच हळू चालते.

आणि देवघराचं औषध वेगळंच आहे. वाय-फाय कॉलिंग. घरात वाय-फाय असेल तर कॉल त्यावरून जातो, वेगळे पैसे नाहीत, समोरच्याला कळतही नाही. २०१९-२० च्या हिवाळ्यात एअरटेल आणि जिओ दोघांनीही ते सुरू केलं. फक्त हँडसेटमध्ये सोय पाहिजे. म्हणजे झालं ना, आधी हँडसेट!

बर्डीचा_माजी_प्रमोटर
राजेहो, मी सात वर्षं काउंटरवर उभा राह्यलो, म्हून सांगतो. दुकानात "बजेट किती" काउन इचारतात? गिऱ्हाइकाचं भलं व्हावं म्हून नाई. बजेट समजलं का त्या भावात ज्या कंपनीची स्कीम चालू आहे तोच डबा काउंटरवर येते. मी सोताच एका कंपनीचा प्रमोटर होतो, पगार कंपनीचा आणि उभा दुकानात. तुले वाटते दुकानदाराचा माणूस सल्ला देऊन रायला. अबे, तो कंपनीचा माणूस आहे!

एक काम कर भाऊ. आत जाचं, सरळ मॉडेलचं नाव घ्याचं. "हा नाही, हा त्याच्याहून बेश्ट आहे" असं तो म्हने का समजून जाय, त्या दुसऱ्यावर स्कीम आहे.

महालचा_वाडा
@बर्डीचा_माजी_प्रमोटर हेच पाहिलं! एकानं तर आम्ही मागितलेला डबा काढलाच नाही, "तो बंद झाला" म्हणाला. तोच डबा पुढच्या दुकानात सीलपॅक.

@हिशेबाची_वही वाय-फाय कॉलिंगचा मुद्दा मान्य, ते डोक्यात नव्हतं. पण बाबांकडे वाय-फाय नाही आणि ते लावून घेणारही नाहीत. तीन दिवसांचं मात्र सांगू नका. आईचं सिम मध्यंतरी घासून खराब झालं म्हणून बदलून आणलं. तिसऱ्या दिवशी पोर्टचा एसएमएस टाकला, तर कोड नाकारला. १ जुलै २०२४ पासून नियम आहे की सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टचा कोड मिळत नाही. सिम-स्वॅप करून, म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचं सिम स्वतः काढून घेऊन, बँक खाती साफ करणाऱ्या चोरांना आवरायला तो केलाय, त्यावर तक्रार नाही. पण वर हेही आहे की नव्या कंपनीत नव्वद दिवस काढल्याशिवाय तिथून निघता येत नाही. चुकीचं सिम घेतलं तर तीन दिवस नाही, तीन महिने.

आणि सात दिवसांनी कोड मिळाल्यावर जुन्या कंपनीचे जे फोन सुरू झाले! "काकू, काय अडचण आहे? तुमच्यासाठी खास प्लॅन आहे." आठ वर्षं अडचण कोणी विचारली नव्हती.

कुहीकर
शहरातल्यांचा वाद वाचून हसू आलं. आमच्या शेतात सिम निवडायचं नसतं, टॉवर ज्याचा असेल त्याचं सिम. आमच्याकडे तो बीएसएनएलचा. बरीच वर्षं बोलण्यापुरता होता. २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशातल्या झारसुगुड्यातून बीएसएनएलचं स्वदेशी ४जी देशभर सुरू झाल्याचं जाहीर झालं, आणि आता धुऱ्यावर उभं राहून कापसाचा भाव पाहता येतो.

म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूनं. बीएसएनएलचं ४जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. ७०० म्हणजे बँड २८, लहरींचा तेवढा पट्टा. काही जुन्या ४जी फोनमध्ये तो बँड नसतोच. माझ्या मेहुण्यानं ऑनलाइन सेकंडहँड घेतला, सिम तेच, टॉवर तोच, माझ्या फोनवर ४जी आणि त्याच्या फोनवर घरघर. बँडची यादी डब्यावर नसते. कंपनीच्या साइटवर मॉडेल नंबर टाकून पाहावी लागते. आधी सिम माहीत असेल तरच ना ते पाहणार?

उलटंही होतं. आमच्या आजीकडे जुना बटनाचा २जी फोन होता. त्यात कोणीतरी जिओचं सिम टाकून दिलं. जिओकडे २जी, ३जी नाहीच, पहिल्या दिवसापासून सगळं ४जी. आजी चार दिवस म्हणत होती की फोन बिघडला.

हिशेबाची_वही
@कुहीकर तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सगळे बँड असलेला चांगला हँडसेट घ्या, मग कोणतंही सिम टाका. मेहुण्यांचा फोन चुकला, सिम नाही.

शिवाय हे नागपूर आहे. एअरटेलनं ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी सुरू केलं तेव्हा पहिल्या आठ शहरांत आपण होतो, पुणं नव्हतं. (हे वाक्य पुण्याच्या साडूला पाठवणार आहे.) अशा शहरात आज ४जी फोन घेणं म्हणजे समृद्धी महामार्गावर लुना.

तेरावा_महिना
५जीचं कौतुक थांबवा आणि पैशाकडे या. जुलै २०२४ ला भाव वाढले तेव्हापासून मोठ्या कंपन्यांनी अमर्याद ५जी रोज दोन जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनलाच ठेवलं. सत्तरीचे बाबा रोज दोन जीबी कशाला जाळतील? ते छोटा प्लॅन घेणार. मग ५जी फोनचे वरचे तीन हजार कोणासाठी?

खरा खेळ वैधतेचा आहे. २८ दिवसांचा "महिना" धरला की वर्षात तेरा रिचार्ज होतात. बारा महिन्यांच्या वर्षात तेरावा महिना कंपनीचा. २०२२ मध्ये ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकानं सांगितलं की प्रत्येक कंपनीनं निदान एकेक प्लॅन ३० दिवसांचा आणि एकेक दर महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा ठेवायचा. ठेवलेत. अ‍ॅप उघडून शोधा, खाली खाली जात राहा, चहा गार होईल तेव्हा सापडतील.

दुसरं, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायनं फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले प्लॅन सक्तीचे केले. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ते काढले, टीका झाली, मग भाव उतरवले. तेव्हा एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि वर्षाचा १८४९ ला होता, जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला. वर्षाचा प्लॅन रोजचे पाच रुपये पडतो. त्याच काळात २८ दिवसांचा डेटावाला २९९ चा रोजचे साडेदहाच्या वर. म्हणजे दुप्पट. भाव बदलत राहतात, घेण्याआधी पाहा, पण भागाकार हाच करा. किमतीला दिवसांनी भागायचं. जीबीनं नाही.

महालचा_वाडा
बाबा भाजीवाल्याला यूपीआयनं पैसे देतात. डेटा नको कसं म्हणू?

तेरावा_महिना
फोनवर स्टार नव्याण्णव हॅश दाबा. डेटाशिवाय यूपीआय होतं.

गोकुळपेठ_मार्केट
@तेरावा_महिना तुम्ही स्वतः कधी केलंय का ते गोकुळपेठेत संध्याकाळी सात वाजता? मागे पाच जण उभे, भाजीवाला मेथीची जुडी हातात धरून, आणि आपण एक दाबा, दोन दाबा, आता पिन दाबा. मी एकदा केलं. त्यानं शेवटी "उद्या द्या ताई" म्हणून सोडलं. फक्त-बोलण्याचा प्लॅन दुसऱ्या सिमसाठी उत्तम आहे, जे बँकेच्या ओटीपीपुरतं जिवंत ठेवायचं ते. वडिलांच्या मुख्य सिमवर कंजूषी नको. त्यांना नातवंडांचे व्हिडिओ कॉल पण हवेत.

तेरावा_महिना
एकदाच केलंय. तेही घरी बसून. बरं, दुसऱ्या सिमचं कबूल.

लू_लागली
सिम झालं, बँड झाले, उन्हाळा कोणी बोललंच नाही, आणि म्हणे नागपूरकर! अ‍ॅपल स्वतः लिहितं की आयफोन शून्य ते ३५ अंशांत वापरा. मे महिन्यात आपल्याकडे रात्री दहाला बाहेर तेवढं असतं. दुपारी पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की कोणताही फोन आधी स्क्रीन मंद करतो, मग चार्जिंग हळू करतो. ऐंशी वॅटचं फास्ट चार्जिंग म्हणून दोन हजार जास्त देणारे नवतपात (उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत) तो फोन ओल्या फडक्यावर ठेवून चार्ज करताना पाहिलेत मी. (तेही करू नका.) स्कूटीच्या डिक्कीत फोन ठेवून सिग्नलला उभं राहणं तर बॅटरीची खिचडी.

काचेची पाठ नको, साधी प्लास्टिकची घ्या. हातातून निसटली तरी फुटत नाही.

कुहीकर
आमच्याकडे फोन माठाशेजारी ठेवतात. चालतंय.

सेकंडहँड_समर्थक
एवढा खल कशाला? दोन वर्षं जुना वरच्या दर्जाचा फोन घ्या, नव्या स्वस्त फोनपेक्षा केव्हाही चांगला.

हिशेबाची_वही
बाबांना पाणी सांडायची सवय आहे आणि तुम्ही एकदा उघडलेला फोन सुचवताय? बरं, कोणी घेणारच असेल तर आधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, इंग्रजीत केवायएम लिहून पुढे तो नंबर आणि १४४२२ ला एसएमएस करा. चोरीला गेलेला म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. बिल नसेल तर उठून चालू लागा, कितीही स्वस्त असो.

महालचा_वाडा
काल संध्याकाळी बाबांना हा सगळा वाद वाचून दाखवला. बँड, अपडेट, तेरावा महिना, सगळं. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रिंग मोठी वाजते का त्यात?" पत्नी म्हणाली, कोणी विचारलंच नाही इतके दिवस.

तर सिम देवघरात टिकलेलंच, त्यात माघार नाही. @हिशेबाची_वही, तुमची अपडेटवाली अट घेतली, आणि वाय-फाय कॉलिंगची सोयही पाहीन, उद्या घरात वाय-फाय आलंच तर. ५जी पाहिजेच असं नाही, पण मी पाहिलेल्यांत अपडेटची वर्षं मोजली तर ५जीवालेच फोन उरतात, म्हणजे त्या तीन हजारांत @तेरावा_महिना हरले. ८४ दिवसांचा डेटावाला प्लॅन. शनिवारी पुन्हा बर्डी.

हिशेबाची_वही
म्हणजे फोन माझ्या अटीवर घेतला. आधी हँडसेटच.

महालचा_वाडा
सिम रविवारीच ठरलं होतं.

बर्डीचा_माजी_प्रमोटर
शनिवारी संध्याकाळी नको जाऊ भाऊ, सकाळी अकराला जाय, काउंटर रिकामा राह्यते. आणि बाबाले सोबत ने. डेमो पीसमधी सिम टाकून रिंग वाजवून दाखवा म्हन, कानाले लावून त्याईलेच आयकू दे. नाई म्हनला तर समोर आणखी दुकानं आहेत.