१२ नोडना एनएफएस पुरेना, लस्टर टाकू की बीजीएफएस?

भटका_नोड:
मंडळी, डिपार्टमेंटचा क्लस्टर माझ्या गळ्यात पडलाय. १२ नोड (म्हणजे जोडलेली १२ मशिन), सगळ्यांना नेटवर्कवरून फाइली देणारा एकच एनएफएस सर्व्हर, १० गिगाबिट नेटवर्क. सगळ्या नोडनी एकदम चेकपॉइंट (चालू कामाची मधली स्थिती जतन करणारी फाइल) लिहायला घेतला की सर्व्हर आडवा, लॉगिन नोडवर नुसतं एलएस (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) मारलं तरी चहा पिऊन येईपर्यंत प्रॉम्प्ट येत नाही. चार जुने सर्व्हर मोकळे आहेत, त्यांच्यावर लस्टर किंवा बीजीएफएस (एकच फाइल सिस्टिम अनेक सर्व्हरवर पसरवणारी सॉफ्टवेअर) टाकून डेटा स्ट्राइप केला, म्हणजे तुकडे करून वाटला, की चौपट स्पीड मिळेल ना?

जुना_अ‍ॅडमिन:
मोठ्या फाइली असतील तर चौपटीच्या आसपास जाशील. आत्ता सेकंदाला जेमतेम सव्वा जीबी बारा जणांत वाटली जातेय, म्हणजे नोडमागे शंभरेक एमबी. लस्टरमध्ये नोड मेटाडेटा सर्व्हरला (फाइलींची नावं-पत्ते सांभाळणारा) फक्त विचारतो की फाइलचे तुकडे कुठे आहेत, मग थेट ओएसटींशी (प्रत्यक्ष डेटा ठेवणारे साठे) बोलतो, त्यामुळे ही कोंडी फुटते. पण लक्षात ठेव, डिफॉल्ट स्ट्राइप काउंट (एक फाइल किती ओएसटींवर वाटायची तो आकडा) १ असतो, तो वाढवला नाहीस तर १ टीबीची फाइलसुद्धा एकाच ओएसटीवर जाऊन बसेल! आणि बारीक फाइली असतील तर यातलं काहीच कामाला येत नाही. ४ केबी वाचायला आधी मेटाडेटा सर्व्हरकडे खेप, मग ओएसटीकडे. आधी फाइली मोजून ये.

रात्रपाळी:
आमच्याकडे हेच झालं होतं. लाखो जेपीजी एकाच डिरेक्टरीत, त्यात सगळ्यांच्या बॅशआरसीत (शेलची सेटिंग फाइल) रंगीत एलएसचं एलियास, रंग ठरवायला ते प्रत्येक फाइलला स्टॅट मारतं, म्हणजे तिची माहिती सर्व्हरला विचारतं. एलियास काढलं तर अर्धी बोंब तिथेच थांबली 😀 फोटो नंतर टारमध्ये (अनेक फाइलींची एकच मोठी फाइल) बांधून ठेवले.

भटका_नोड:
मोजलं. चेकपॉइंट मोठेच आहेत, पण एका पोराच्या स्क्रिप्टने एका डिरेक्टरीत १९ लाख फाइली टाकल्यात 🤦 त्याला पकडतो. तरी चेकपॉइंटसाठी बीजीएफएस टाकावं म्हणतो, बरोबर आहे का?

जुना_अ‍ॅडमिन:
तुझ्या साइजला हो. सर्व्हर साध्या सर्व्हिस म्हणून चालतात, कर्नल मॉड्यूल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसवायचा भाग) फक्त क्लायंटला, म्हणजे नोडना लागतं, लस्टरसारखं सर्व्हरच्या कर्नलशी झटापट नाही. कोटा (प्रत्येकाला जागेची मर्यादा) आणि मिररिंगला (डेटाची दुसरी प्रत ठेवणं) मात्र लायसन लागतं, ते आधी वाच. मेटाडेटा दोन एसएसडींच्या मिररवर ठेव, तिथे काटकसर केलीस तर परत इथेच येशील. आणि चार सर्व्हरवर स्ट्राइप म्हणजे एक गेला की प्रत्येक मोठ्या फाइलला भोक, म्हणून प्रत्येकात खाली रेड ६ (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो) लाव, होम डिरेक्टऱ्या त्या एनएफएसवरच राहू दे. जुने सर्व्हर आहेत म्हणतोस ना, रेड कार्डाची बॅटरी जिवंत आहे का बघ, मेलेली असेल तर राइट कॅश (लिहिणं वेगवान करणारी कार्डावरची मेमरी) बंद पडते आणि लोक उगाच फाइल सिस्टिमला शिव्या घालतात.

भटका_नोड:
चारपैकी तीन मेल्यात 😭