शाळेतला कचरा: फोटो काढून झाल्यावर पुढे काय झालं?

शाळांमध्ये कचऱ्यावर उपक्रम भरपूर होतात. निळा डबा, हिरवा डबा, प्रभातफेरी, घोषणा, फोटो. त्यानंतर त्या डब्यांचं काय झालं, ते ऐकायचंय. फसलेलं आधी लिहा. शाळेचं नाव मात्र नको. सुरुवात मीच करते.

जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका, सातारा जिल्हा
आठवडाभर मैदानावरचा कचरा गोणपाटावर ओतून पोरांनी मोजला. पेन्सिलीची सालं, चॉकलेटचे कागद होतेच, पण खरा ढीग पाच रुपयांच्या वेफर्स-कुरकुऱ्यांच्या पुड्यांचा. भंगारवाल्या काकांना बोलावलं. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या त्यांनी घेतल्या, पुड्यांना हात लावला नाही. "बाई, ही चकाकी कोण घेणार?" खरंच आहे. प्लास्टिक आणि अॅल्युमिनियमचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करायचा खर्च मिळणाऱ्या मालापेक्षा जास्त.

मग आम्ही पुड्या बाटल्यांत ठासून भरल्या आणि त्या बाटल्यांचा लिंबाभोवती कट्टा केला. केंद्रप्रमुखांनी कौतुक केलं, बातमीही आली. दोन उन्हाळे गेले, उन्हाने बाटल्या तडकल्या आणि त्याच पुड्या पुन्हा मैदानभर उडायला लागल्या. दोन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेल्या पोरांचा कचरा आत्ताच्या पोरांनी वेचला!

आता शाळेसमोरच्या टपरीवाल्या काकींशी बोलून चिक्की, फुटाणे, बोरं सुटी ठेवायला लावली आहेत. पुड्या बंद झाल्या नाहीत, कमी झाल्या. काकींचं म्हणणं, "बाई, चिक्कीत मला सुटत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पालक, पुणे
आमच्या शाळेने व्याख्यात्याऐवजी रोज कचरा उचलणाऱ्या ताईंना वर्गात बोलावलं. पुण्यात कचरावेचकांची संघटना जुनी आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालची, आणि दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था. ताईंनी भाषण केलं नाही, तळहात दाखवले. फुटलेली काच कागदात न गुंडाळता टाकली की काय होतं, ते सहावीच्या पोरांनी बघितलं. वापरलेलं पॅड कागदात बांधून वर लाल ठिपका का काढायचा, तेही त्यांनी मुलगे-मुली दोघांसमोर सरळ सांगितलं. वर्गशिक्षिकाच जरा अवघडल्या. तेव्हापासून आमच्या घरातली काच माझा मुलगा स्वतः गुंडाळतो आणि वर 'काच' असं लिहितो.

नोकरीनिमित्त जपानमध्ये
इथे मुलाच्या शाळेत दुधाचे छोटे खोके मिळतात. पिऊन झाल्यावर पोरं ते विसळतात, कापून सपाट करतात, वाळवतात, मग ते कागद बनवायला जातात. वर्ग आणि जिनेही पोरंच पुसतात. सासूबाईंना फोनवर सांगितलं, तर म्हणाल्या, "एवढे पैसे भरून पोराला फडकं मारायला लावता?"

निवृत्त मुख्याध्यापक, अमरावती
सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. आमच्याकडे वर्ग कोण झाडतं, हे बघा. माझ्या शाळेत वर्षानुवर्षं मुली झाडायच्या, मुलगे घंटा वाजवायचे. आणि उशिरा आलेल्याला शिक्षा काय, तर झाडू. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातली शाळा! दर २० डिसेंबरला, पुण्यतिथीला, आम्ही बाबांच्या खराट्यावर भाषणं ठोकायचो आणि २१ तारखेला खराटा पुन्हा शिक्षा म्हणून पोराच्या हातात द्यायचो. हे माझ्या लक्षात यायला नोकरीची बावीस वर्षं गेली. मग हजेरीपटाच्या क्रमाने पाळी लावली, त्यात गुरुजीही. पहिल्याच आठवड्यात दोन पालक भांडायला आले, दोन्ही मुलग्यांचे.

गृहिणी, डोंबिवली
छोटंसंच. मुलगी शाळेतून शिकून आली की दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, लटकता ठेवायचा. तो चिमुकला तुकडा कुणी वेचत नाही, थेट गटारात जातो. कापलेला दिसला की ती मला तुकडा शोधायला लावते. सिंकखाली वाकून शोधलाय मी.

वहीबांधणीवाले आजोबा, कोल्हापूर
एप्रिलअखेर नातीच्या शाळेत जाऊन बसतो. वह्यांची उरलेली कोरी पानं पोरं फाडून आणतात, मी दाभणाने शिवून देतो. रेघी, चौकटी, दुरेघी सगळी एकत्र. गणिताच्या बाईंना ती वही चालत नाही, म्हणून कच्ची वही म्हणून वापरतात.

शाळेत शिपाई होतो
सगळ्यांचं वाचलं. आमच्याकडेही ओला आणि सुका असे दोन डबे होते. पोरं मनापासून वेगळं टाकायची, चुकलं की एकमेकांना रागवायची. संध्याकाळी दोन्ही डबे मी एकाच पोत्यात रिकामे करायचो. घंटागाडीत कप्पा एकच होता, मी तरी काय करणार? एकदा पाचवीतल्या एका मुलीने पाहिलं. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती कुठल्याही डब्यात टाकायला लागली. पुढे ओला कचरा मी बागेतल्या खड्ड्यात टाकायला सुरुवात केली, पण तोवर ती दुसऱ्या शाळेत गेली होती.

सातारा जिल्ह्यातली शिक्षिका
दादा, तुमचं वाचून आज आमच्या मावशींना विचारलं, आपले दोन डबे संध्याकाळी कुठे जातात? मावशी नुसत्या हसल्या. उद्या पाच वाजेपर्यंत थांबणार आहे.