हृदय थांबून सुरू झाल्यानंतरचा विसर : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नागपूरला महाल भागात राहतो. दीड महिन्यापूर्वी माझ्या वडिलांचे हृदय काही मिनिटे बंद पडले होते. छातीवर दाब आणि शॉक देऊन ते पुन्हा सुरू झाले. आता बाबा चालतात, जुन्या गोष्टी अचूक सांगतात; पण रिकामा कप हातात असतानाच "आज चहा नाही का?" असे विचारतात, तेव्हा आईचा चेहरा बघवत नाही.

माझ्या वाचनानुसार, रक्तपुरवठा थांबला की मेंदूच्या पेशींबाहेर ग्लुटामेट (पेशींमध्ये संदेश पोहोचवणारे रसायन) साचते, पेशींत कॅल्शियम शिरते, आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातील काही नाजूक पेशी, रक्त परत मिळूनही, दोन-तीन दिवसांनी मरतात; १९८२ मध्ये जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यात हे दाखवले गेले. नव्या आठवणी साठवण्याचे काम याच भागाचे असल्याने बाबांच्या विसराचे कारण हेच असावे, असे मला वाटते.

औषधांचे आमचे न्यूरॉलॉजिस्ट पाहत आहेत. ज्यांच्या घरी असे घडले आहे, त्यांनी कृपया सांगावे की स्मरणशक्ती किती महिन्यांपर्यंत सुधारत गेली, घरी कोणता सराव उपयोगी पडला, आणि नागपुरात स्मृतीची चाचणी व पुनर्वसन करणारे तज्ज्ञ कोठे भेटतील. सध्या आम्ही स्वयंपाकघरातल्या फळ्यावर तारीख, वार आणि "चहा झाला" असे लिहून ठेवतो.