आदल्या रात्री तळण, पहाटे प्रवास: काय काळजी घ्यावी?

घाईतला_डबा: सुट्टीत सगळे एकत्र जमणार आहोत. तळणीचे पदार्थ आमच्याकडून. रात्री जेवणं झाली की तळायला बसायचं, गरमागरम डबे भरायचे आणि पहाटे निघायचं. सहा तासांचा रस्ता आहे, गाडी मीच चालवणार. काही राहतंय का?

बंबवाला: अग्निशमन दलात नोकरी झाली माझी, म्हणून जरा परखड बोलतो. राहतेय ती तुमची झोप. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर थोडी दारू प्यायल्यासारखीच मंदावते. आणि त्याच अवस्थेत तुम्ही आधी उकळत्या तेलापुढे, मग स्टिअरिंगमागे बसणार! तळण दुपारीच उरका.

तेलातून धूर निघाला की लगेच गॅस बंद. तेल पेटलंच तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाहून जड, ते खाली जातं, त्याची क्षणात वाफ होते आणि ती सुमारे 1700 पट फुगते. जळतं तेल थेट छताला. कढईवर मोठं झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत ठेवायचं, म्हणजे ज्वाळा पलीकडे राहतात. पूर्ण गार होईतो उचलून बघायचं नाही, हवा लागली की पुन्हा भडकतं. मी पाहिलेले भाजलेले हात बहुतेक पेटती कढई उचलून दाराकडे धावणाऱ्यांचे होते. आग आवरत नसेल तर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, सगळ्यांना बाहेर काढा आणि मग फोन करा.

मीठमोहरी: गरम डबे बंद करू नका, आत वाफ धरते. कोरडं तळण पूर्ण निवू दे. पण ओलं सारण, दुधाचं किंवा मांसाचं काही असेल तर 5 ते 60 अंशांच्या मध्ये दोन तासांहून जास्त नको, कडक उन्हात एकच तास. ते बर्फाच्या पेटीतच न्या.

घाईतला_डबा: बरं, तळण दुपारी. पण वाटेत डुलकी आलीच तर? काच खाली करून गाणी लावतो मी.

बंबवाला: त्याने पाच मिनिटं बरं वाटतं, झोप जात नाही. सुरक्षित जागी थांबा, कॉफी घ्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटा. उठेपर्यंत कॉफी लागू होते. तरी जड वाटलं तर चावी दुसऱ्याकडे. एरवीही दर दोन तासांनी उतराच.

निघताना रेग्युलेटर बंद, आणि ते एकाच माणसाच्या अंगावर टाका. नाहीतर प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने केलं. परतल्यावर वास आला तर दिव्याचं बटण चालूही नको, बंदही नको. सिलिंडरचा गॅस हवेहून जड, जमिनीलगत साचतो, म्हणून आधी दारं उघडा.

मीठमोहरी: आणि डबे मागच्या सीटवर सुटे नकोत, डिकीत घट्ट बसवा. जोरात ब्रेक लागला की स्टीलचा डबा थेट पुढच्याच्या डोक्यात.