नवशिक्याने आधी लॉटचं वजन शिकावं, भावाची दिशा नंतर. पटतं का?

तराजू
कमोडिटीत नव्याने उतरू पाहणारे बहुतेक जण एकच विचारतात: सोनं वर जाईल का, क्रूड (कच्चं तेल) कुठवर पडेल? मला हा प्रश्न पहिला वाटतच नाही. पहिला प्रश्न असा: एका लॉटमध्ये, म्हणजे सौद्याच्या ठराविक मापात, माल किती, आणि भाव एका डॉलरने हलला तर माझ्या खात्यात किती हलतात?

वायदा म्हणजे पुढच्या ठराविक महिन्यातल्या मालाचा, आज ठरलेल्या भावाने केलेला करार. न्यूयॉर्कच्या कॉमेक्स या एक्स्चेंजवरचा सोन्याचा मोठा वायदा १०० औंसांचा. म्हणजे औंसामागे १० डॉलर इकडेतिकडे झाले की तुमचे १,००० डॉलर आले किंवा गेले. क्रूडचा लॉट १,००० बॅरलचा. मका ५,००० बुशेल (धान्याचं अमेरिकी माप), तिथे बुशेलमागे एका सेंटला ५० डॉलर. हे पाठ झाल्याशिवाय खातं उघडू नये, असं मी स्पष्टच सांगतो.

मार्जिन ही मालाची किंमत नव्हे आणि पहिला हप्ताही नव्हे. सौदा पाळाल याची ती अनामत आहे. मला हे समजायला पैसे मोजावे लागले. पहिला सौदा क्रूडचा, तेजीचा. खात्यात ८,००० डॉलर, मार्जिनला ५,००० अडकले. उरलेले ३,००० पाहून वाटलं, हात मोकळा आहे. तिसऱ्या दिवशी भाव ४ डॉलरनी उतरला. वायद्यात नफातोटा रोजच्या रोज चुकता होतो, त्यामुळे ४,००० डॉलर खात्यातून गेले. मार्जिन कॉल आला, म्हणजे कमी पडलेली अनामत भरा अशी मागणी आली; भरायला पैसे नव्हते, सौदा कापला गेला. पुढच्या पंधरवड्यात भाव मी म्हटलं होतं तिथेच पोचला. अंदाज बरोबर ठरला आणि निम्मे पैसे गेलेले होते.

ठाम_नकार
तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्ष अर्धवट आहे. नवशिक्याने वायद्यात यावंच कशाला? शेअर घेतला की कंपनी कमावते, लाभांश देते. वायद्यात प्रत्येक तेजीवाल्यासमोर एक मंदीवाला उभा असतो. एकाला मिळतं ते दुसऱ्याच्या खिशातून, वर दलाली वेगळी. आणि समोरचा कोण? शुद्धीकरण कारखाना, धान्याचा मोठा व्यापारी, ज्याला कोणत्या टाकीत किती माल पडलाय ते रोज कळतं.

२० एप्रिल २०२० आठवा. अमेरिकी क्रूडचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती, डिलिव्हरी ओक्लाहोमातल्या कुशिंगला, आणि तिथल्या टाक्यांत भाड्याने घ्यायला जागा मिळत नव्हती. ज्यांना एक बॅरलही ठेवायला जागा नव्हती असे लोक सौदा धरून बसले होते. त्याच दिवशी जूनचा वायदा २० डॉलरच्या आसपास होता. तेल तेच, फक्त महिना वेगळा. ‘तेल स्वस्त झालंय, घेऊन ठेवू’ म्हणणाऱ्याला हा फरक कोण समजावणार?

कोठारपाल
मी काही वर्षं धातूच्या खरेदीचं काम केलंय, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आम्हाला सहा महिन्यांनी लागणाऱ्या तांब्याचा भाव आज बांधून हवा असायचा, कारण तयार मालाचा दर ग्राहकाला आधीच सांगितलेला असे. आमची जोखीम कुणीतरी उचलल्याशिवाय ते शक्य नव्हतं. सटोडिया ती उचलतो. म्हणून हा नुसता एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जाणारा पैसा आहे, हे मला पटत नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्सने तर १९३० मध्येच मांडलं होतं की उत्पादक हा विमा घेतो आणि त्याचा मोबदला सट्टा करणाऱ्याला मिळतो.

गॉर्टन आणि रौवेनहॉर्स्ट या अभ्यासकांनी १९५९ ते २००४ ची आकडेवारी तपासली, तेव्हा वायद्यांच्या समभारित (प्रत्येक मालाला सारखंच वजन देणाऱ्या) निर्देशांकाचा परतावा अमेरिकी शेअर्सच्या जवळपास निघाला. तेव्हा ‘यावंच कशाला’ हे जरा फार झालं.

तराजू
कोठारपाल, त्या अभ्यासातली एक अट सांगायची राहिली, आणि माझ्या म्हणण्याचा सगळा जीव तिच्यात आहे. तिथे प्रत्येक सौद्यामागे मालाची पूर्ण किंमत बाजूला ठेवली आहे असं धरलंय. १०० डॉलरच्या मालामागे १०० डॉलर. आपण ठेवतो ८ किंवा १०. मग तो परतावा आपल्या वाट्याला यायचा कसा? वाटेत कुठेतरी ८ टक्क्यांची घसरण येतेच, आणि आपण तिथेच बाद होतो.

झटपट_सौदा
लॉटच्या वजनाचा एवढा बाऊ कशाला? कमी पैशात मोठा सौदा करता येतो म्हणूनच लोक वायद्यात येतात. पूर्ण रक्कमच ठेवायची तर सरळ सोनं घेऊन ठेवा. सौद्याबरोबर स्टॉप लॉस लावायचा, भांडवलाच्या २ टक्क्यांवर तोटा कापायचा. शिस्त असेल तर मार्जिन कमी असल्याने काही बिघडत नाही.

ठाम_नकार
स्टॉप लॉस म्हणजे ‘या भावाला विका’ ही सूचना आहे, हमी नाही. शेतमालाच्या बऱ्याच वायद्यांत भाव एका दिवसात किती हलू शकतो याची मर्यादा असते. भाव खालच्या मर्यादेला टेकला की घेणारा कुणी उरत नाही आणि तुमचा स्टॉप लॉस नुसता पडून राहतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोटा मात्र रोज खात्यातून जात असतो.

आणि निकेल? ८ मार्च २०२२, लंडन मेटल एक्स्चेंज. भाव काही काळ टनाला १,००,००० डॉलरच्या वर गेला, मग एक्स्चेंजने व्यवहार थांबवले आणि त्या दिवशीचे सौदेच रद्द केले. त्या दिवशी ज्याने शिस्तीने नफा घेतला त्याच्या हातात काय राहिलं?

झटपट_सौदा
निकेल अपवाद आहे, रोज घडत नाही. पण मर्यादेला टेकण्याचा मुद्दा मान्य. तो मी धरला नव्हता.

कोठारपाल
रोलओव्हरचं, म्हणजे मुदत संपणारा सौदा पुढच्या महिन्यात नेण्याचं, अजून कुणीच बोललं नाही. ‘गुंतवणूक’ म्हणून येणाऱ्याचे पैसे तिथेच गळतात. समजा चालू महिना ५० डॉलर, पुढचा ५१. पुढचा महिना महाग, म्हणजे कंटँगो. मुदत संपण्याआधी तुम्ही ५० ला विकता, ५१ ला घेता. महिनाभरात तो ५१ चा वायदा उतरत उतरत ५० वर येतो. हजर भाव (लगेच मिळणाऱ्या मालाचा भाव) वर्षभर जागचा हलला नाही आणि अंतर तेवढंच राहिलं, तरी बॅरलमागे १२ डॉलर गेले. एका लॉटवर १२,०००. पुढचा महिना स्वस्त असेल तर हेच गणित तुमच्या बाजूने चालतं. म्हणून सौद्याआधी पुढच्या पाचसहा महिन्यांचे भाव ओळीने लिहून काढा. दहा मिनिटांचं काम आहे.

आणि डिलिव्हरीच्या वायद्यात शेवटचा दिवस पाहू नका, डिलिव्हरीची पहिली नोटीस, म्हणजे माल घ्या अशी सूचना, कधी निघते ते पाहा. बऱ्याच वायद्यांत ती तारीख आधी येते.

नवी_पाटी
ताई-दादांनो, सगळं दोनदा वाचलं. माझ्याकडे बाजूला ठेवता येतील असे २,००० डॉलर आहेत. क्रूडचा मायक्रो वायदा १०० बॅरलचा असतो असं वाचलं. तो चालेल का?

तराजू
नवी_पाटी, गणित तुम्हीच करा. भाव ७० धरला तर १०० बॅरलचा माल ७,००० डॉलरचा. माझा स्वतःचा नियम असा की मालाच्या पूर्ण किमतीच्या निम्मी रक्कम तरी खात्यात हवी.

नवी_पाटी
म्हणजे ३,५०० हवेत. मायक्रोसुद्धा बसत नाही. मग तूर्त वहीतच सौदे लिहिते, रोजच्या बंद भावाने नफातोटा मांडते.

ठाम_नकार
हे मला मनापासून आवडलं. वहीत एक रकाना वाढवा: आज मार्जिन कॉल आला असता का? आला असता तर सौदा तिथेच बंद करा, पुढे भाव कुठेही जावो.

कोठारपाल
आणि महिना बदलताना विकल्याचा आणि घेतल्याचा, दोन्ही भाव लिहा. दलालीसकट.