राव्हेलचं 'मदर गूज', परीकथा आणि पाचवीच्या मुलांच्या कविता: सत्र कसं आखावं?

दुपारचा_तास

पाचवीच्या मुलांसाठी (मराठी माध्यम, वर्गात ३२ जण) जोड तासिकेत, म्हणजे ७० मिनिटांत, संगीत ऐकून कविता लिहायचं सत्र घ्यायचं आहे. फ्रेंच संगीतकार राव्हेलचं 'मदर गूज' निवडलंय, कारण त्यात परीकथाच आहेत: निद्रिस्त राजकन्या, अंगठ्याएवढा पोरगा, सुंदरी आणि पशू. अडचण अशी की 'ऐका आणि कविता लिहा' म्हटलं की दोनच प्रकारचं लिखाण हाती येतं. एक तर 'सूर किती गोड, मनाला लागे ओढ', नाहीतर गोष्टीचा सारांश, ओळी तोडून लिहिलेला. यमक जुळलं की कविता झाली, असंही बऱ्याच जणांना वाटतं.

किती वेळ ऐकवावं? गोष्ट आधी सांगावी की नंतर? यमकाचं काय करावं? आणि हेच हिंदुस्थानी संगीतावर करायचं झालं तर काय निवडावं?

काळी_तीन

आधी रेकॉर्डिंग नीट निवडा. मूळ रचना १९०८ ते १९१० मधली, एका पियानोवर दोघांनी वाजवायची. राव्हेलने १९११ मध्ये ती वाद्यवृंदासाठी लिहिली आणि मग तिचा बॅलेही केला. बॅलेची आवृत्ती सुमारे अर्ध्या तासाची असते, त्यात जास्तीचे तुकडे आहेत आणि भागांचा क्रमही वेगळा आहे. तुम्हाला हवा तो पाच भागांचा वाद्यवृंदाचा 'स्वीट' (suite, म्हणजे सुट्या भागांची मालिका). त्यातलेही पाचही भाग लावू नका. ७० मिनिटांत दोन पुरेत: 'अंगठ्याएवढा पोरगा' (तीन-साडेतीन मिनिटं) आणि 'सुंदरी आणि पशू' (चार-सव्वाचार मिनिटं).

गोष्ट नंतर सांगा. आधी सांगितली की मुलं गोष्टच ऐकतात, संगीत मागे पडतं. पहिल्यांदा फळ्यावर काहीही न लिहिता, वह्या बंद ठेवून ऐकवा. दुसऱ्यांदा ऐकताना प्रत्येकाने फक्त क्रियापदं लिहायची, निदान सहा: रेंगाळतंय, वळतंय, थबकलं. 'छान', 'गोड', 'सुंदर', 'मधुर' हे शब्द त्या दिवसापुरते बंद. 'सूर' आणि 'संगीत' हेही बंद. एवढ्याने तुमचा पहिला प्रकार बराचसा आटोक्यात येतो, कारण 'गोड' लिहायची सोयच उरत नाही.

'अंगठ्याएवढा पोरगा'मध्ये काय घडतं ते आधी स्वतः ऐकून ठेवा. तंतुवाद्यांची संथ चाल अखंड चालू राहते आणि सुरुवातीलाच मात्रा दोन, तीन, चार अशा वाढत जातात. म्हणून पाऊल ठरावीक जागी पडतच नाही. वाट चुकल्याचा भास तिथूनच येतो. पुढे व्हायोलिन आणि पिकोलो (छोटी, उंच स्वराची बासरी) यांतून पाखरं येतात. मुलांना विचारा, 'मध्येच कोण आलं?' बहुतेक जण पक्षी हे बरोबर ओळखतात. मग गोष्ट सांगा, पण तीन वाक्यांत: पोरगा जंगलात, वाट सापडावी म्हणून पावाचे तुकडे टाकत गेला, पाखरांनी ते खाल्ले. राव्हेलनेही स्वरलिपीवर फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७ च्या कथेतला नेमका एवढाच उतारा छापला आहे. बाकीची गोष्ट, तो राक्षस, ते जादूचे बूट, काढूच नका. (तुकड्यांमुळे वर्गातलं कोणीतरी 'हॅन्सेल-ग्रेटेल!' म्हणणारच. ती गोष्ट वेगळी, त्यात शिरू नका.)

सारांश टाळायचा तर लिहायला गोष्ट न देता गोष्टीतला एकच क्षण द्या: 'पोरग्याने मागे वळून पाहिलं, एकही तुकडा दिसला नाही. त्या क्षणी तो बोलतोय.' आधी काय झालं, पुढे काय होणार, यातलं काही लिहायचं नाही. ओळी सहा ते आठ, वेळ बारा मिनिटं.

एक तांत्रिक गोष्ट. 'सुंदरी आणि पशू'मध्ये सुंदरी म्हणजे क्लॅरिनेट आणि पशू म्हणजे काँट्राबसून, वाद्यवृंदातल्या सर्वांत खर्जातल्या वाद्यांपैकी एक. मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर हा खर्ज जवळजवळ नाहीसाच होतो. मुलांना नुसती क्लॅरिनेट ऐकू येते आणि पशू गायब! बास नीट देणारा मोठा स्पीकर आदल्या दिवशी त्याच वर्गात लावून शेवटच्या बाकावर बसून ऐका. फाइल उतरवून ठेवा, नाहीतर ऐन भरात जाहिरात वाजते. आणि पडद्यावर काहीही दाखवू नका. वादक दिसले तर कविता वादकांवर येतात, कार्टून दिसलं तर कार्टूनवर.

अक्षरछंद

यमकावर बंदी घालू नका, त्याला जागा नेमून द्या. मुक्तछंद लिहा म्हटलं की दहा वर्षांचं मूल गद्य लिहितं. पूर्ण यमकबद्ध लिहा म्हटलं की झाड-माड-पाड करत आशय यमकामागे फरफटतो. मधला रस्ता आपल्याकडे तयार आहे: थोरला अभंग. चार चरण, अक्षरं ६-६-६-४, यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघु-गुरू पाहायचं नाही. जोडाक्षर एकच धरायचं. बोटांवर मोजता येतं. नमुना म्हणून फळ्यावर एवढंच लिहा:

टाकला तुकडा
वळून पाहिले
पाखरांनी नेले
घर माझे

'तुकडे नेले' म्हटलं असतं तर बातमी झाली असती. चौथा चरण दोन अक्षरांनी तोकडा आहे, त्यामुळे ओळ तिथे अचानक संपते आणि महत्त्वाचा शब्द तिथेच टाकावा लागतो. मुलांना हे समजावत बसू नका. चौथा चरण झाकून 'इथे चार अक्षरांत काय येईल?' असं विचारा, मग उघडा.

बिघडतं ते मोजणीत. काही मुलं काना-मात्रा वेगळ्या मोजतात, काही अक्षर भरायला 'ते', 'हो', 'रे' कोंबतात. नियम करा: ओळ एका अक्षराने कमी-जास्त झाली तर चालेल, भरतीचा शब्द चालणार नाही.

दुपारचा_तास

स्पीकरचं लक्षातच आलं नव्हतं, आभार. क्रियापदांचा उपाय पटला. पण 'सुंदरी आणि पशू'साठी काय द्यावं? सगळ्यांनी सिनेमा पाहिलेला आहे, नाचणारी भांडीकुंडी येणार. आणि एकट्याने लिहायला घाबरणारी पाच-सहा मुलं आहेत.

काळी_तीन

मग हा भाग जोडीने लिहायला द्या, घाबरणारी मुलंही त्यात सामावतील. एकाने फक्त सुंदरीच्या ओळी लिहायच्या, दुसऱ्याने फक्त पशूच्या. प्रत्येकी चार ओळी, प्रत्येक ओळ आठ अक्षरांची:

– आरशात कोण आहे?
– दिवा नको, मी आहे ना

आठाचा आग्रह का, तर संगीतात आधी दोघं आळीपाळीने बोलतात आणि मग दोन्ही धून एकाच वेळी वाजतात. मुलांनीही तसंच वाचायचं: आधी आळीपाळीने, मग शेवटची ओळ दोघांनी एकदम. लांबी सारखी नसेल तर एकत्र वाचताना नुसता गोंधळ होतो. बाकांवर तीन-तीनचा ठेका धरायला लावा, चाल संथ वॉल्ट्झची आहे. भांडीकुंडी टाळायला एकच अट पुरते: कवितेत या दोघांशिवाय तिसरं कोणी नाही, आणि 'राजकुमार' हा शब्द नाही. शेवटी हार्पचे स्वर सरसरत जातात, मग एकटं व्हायोलिन पशूचीच धून वरच्या सप्तकात घेतं. रूप बदललं ते तिथे. तो तुकडा वेगळा ऐकवून विचारा, 'आता हा कोण बोलतोय?' उत्तर वहीत, एका ओळीत.

वर्गात पेटी असेल तर तिसऱ्या भागाची गंमत पाच मिनिटांत होते. त्यात पॅगोडांच्या राणीचं स्नान चाललंय आणि इवले सेवक अक्रोडाच्या नि बदामाच्या टरफलांची वाद्यं वाजवताहेत. काळी तीन (सप्तकातली तिसरी काळी पट्टी) 'सा' धरून नुसत्या काळ्या पट्ट्या वाजवा: सा रे ग प ध, भूप रागाचे स्वर. (चलन, म्हणजे स्वरांची चाल, भूपाचं नाही, तेव्हा 'हा भूप' असं सांगू नका.) मुलांना विचारा, आणखी कशाकशाच्या टरफलांची वाद्यं होतील? चिंचोक्याची टाळ, शेंगेची बासरी अशी यादी दिली की तीच निम्मी कविता असते.

ठेका

हिंदुस्थानीबद्दल. विलंबित (संथ लयीतला) ख्याल मुलांसाठी नको, पंधराव्या मिनिटाला अर्धा वर्ग खिडकीबाहेर असतो. बंदिशही (शब्दांची बांधीव रचना) जपून निवडा. शब्द कळले की 'पिया', 'बदरा' तिथूनच उचलले जातात. वाद्य घ्या किंवा तराणा (अर्थाच्या शब्दांऐवजी नुसत्या बोलांचं गाणं). जुन्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांचीच असायची, तेवढ्यात राग आटोपशीर मांडलेला असतो. तशी ध्वनिमुद्रणं सोयीची. 'हा पावसाचा राग' असं आधी सांगू नका, ३२ वह्यांत ३२ बेडूक येतील.

तराण्याचे बोल (तोम, तनन, देरेना, दीम) परीकथेतल्या मंत्रासारखे वापरता येतात. मुलांनी याच बोलांतून दार उघडायचा मंत्र करायचा आणि मग तो मंत्र म्हटल्यावर काय झालं ते चार ओळींत लिहायचं.

कवितेच्या शेवटासाठी तिहाई शिकवा: एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, संपवायचा. आपल्या चिऊ-काऊच्या गोष्टीतलं 'दार उघड' घ्या, पाच अक्षरं. दर मात्रेला एक अक्षर, मध्ये एक मात्रा गप्प:

दा र उ घ ड – दा र उ घ ड – दा र उ घ ड

समेपासून सुरू केलं तर ५+१+५+१+५ म्हणजे १७, तीनतालाच्या १६ मात्रा संपून शेवटचा 'ड' बरोबर समेवर येतो. चूक नेहमी त्या गप्प मात्रेत होते, मुलं ती गिळतात आणि दोन मात्रा आधीच पोचतात. गप्प मात्रेला हात उलटा करायला सांगा. म्हणताना 'दाऽर' असं लांबवू दिलंत तरी हिशोब चुकतो.

अक्षरछंद

ठेका, हे अभंगालाही जोडता येईल. चौथ्या चरणाची चार अक्षरं तीनदा, मध्ये दोन-दोन मात्रा गप्प: ४+२+४+२+४ म्हणजे १६, एक मात्रा कमी पडते. म्हणून समेवर सुरू न करता दुसऱ्या मात्रेवर उचलायचं.

दुपारचा_तास, वह्या तपासताना शुद्धलेखनाचा लाल पेन त्या दिवशी बाजूला ठेवा. एकाच प्रकारची खूण करा: जिथे ओळ ऐकू येते तिथे पेन्सिलीने टिंब. दुसऱ्या खर्ड्यात मुलं टिंबाच्या ओळी ठेवतात आणि बाकीच्या बदलतात.