टाकीचा लाईट लावला की अख्ख्या घराची लाईट जातीय

गोल्डफिशवाला_रंकाळा:
नमस्कार मंडळी, रंकाळ्याजवळ राहतो, घरी दोन फुटी टाकी आहे, चार गोल्डफिश. पावसाची झड लागल्यापासनं रोज संध्याकाळी टाकीचा लाईट लावला की खटकन मेन पडतंय आणि सगळं घर अंधारात, आई देवापुढं दिवा लावत असती नेमकं तेव्हाच. फिल्टर न् एअर पंप चालू असले तर काय होत नाही, फक्त लाईटनंच होतंय. दुपारी हूड (लाईट बसवलेलं टाकीवरचं झाकण) काढून उन्हात, म्हणजे पडलं तर ऊन, ठेवला की एक दिवस चालतो परत तेच. वायरमन म्हणाला आरसीसीबी (करंट गळला की लाईट तोडणारा मेन बोर्डातला स्विच) काढून डायरेक्ट करून देतो. करू का?

शाहूपुरीकर:
भावा डायरेक्ट अजिबात करू नको!! पाण्यात हात घालतोस तू, घरात आई आहे. फेजमधनं गेलेला करंट न्यूट्रलमधनं तेवढाच परत आला पाहिजे, ३० मिलिअ‍ॅम्पिअरच्या आसपास फरक पडला की आरसीसीबी पाडते. म्हणजे ती बिघडलेली नाही, कुठंतरी करंटचं लिकेज आहे तेच सांगतीय. एमसीबी (जास्त लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारी) पडतेय का आरसीसीबी तेवढं बघ, टेस्ट बटण असतंय ती आरसीसीबी.

गोल्डफिशवाला_रंकाळा:
टेस्ट बटणवालीच पडतीय. पण बोर्डावरचा स्विच बंद ठेवला तरी कधी कधी पडती, हे काय कळंना.

मंगळवारपेठ_इलेक्ट्रिक:
मी हेच काम करतो म्हणून सांगतो. साधा स्विच फेजच तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते, ती ओलाव्यातनं अर्थला टेकली की घरातल्या बाकीच्या लोडवर सुद्धा आरसीसीबी पडते. त्यामुळं स्विच नाही, पिनच सॉकेटमधनं काढायची. आधी मेन बंद करा, मग हूड उघडा आणि ट्यूबच्या दोन्ही टोकांचे होल्डर नीट बघा, झाकणाखाली वाफेचे थेंब जमतात ना ते तिथंच शिरतात. आपल्याकडं बोरचं पाणी असेल तर पांढरा क्षार पण बसलेला दिसेल, वाळल्यावर चालतो आणि ओल आली की गळती सुरू, तुमचं लक्षण तेच आहे. एक्स्टेंशन बोर्ड टाकीखाली जमिनीवर असेल तर आधी तो उचला, आणि वायर सॉकेटला जायच्या आधी खाली झोळ सोडा म्हणजे थेंब वायरीवरनं सॉकेटपर्यंत न जाता झोळातनंच खाली पडेल. खात्री करायची असेल तर मेगर (वायरीचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून घ्या, ५०० व्होल्टला १ मेगाओहमच्या खाली आलं तर तो लाईट वापरूच नका.

शाहूपुरीकर:
अजून एक, एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव नाहीतर लाईट गेल्यावर नळीतनं पाणी उलटं पंपात येतंय. एअर पंप बंद असला तर मग्गा भरून वरनं पाणी परत टाकीत ओतत राहा दहा पंधरा वेळा, गोल्डफिशला लई ऑक्सिजन लागतो. आणि त्या रात्री खाणं टाकू नको.

गोल्डफिशवाला_रंकाळा:
सापडलं! उजव्या होल्डरमधली पत्र्याची पट्टी हिरवी पडली होती आणि भोवती मिठासारखा पांढरा थर, बोटानं खरवडला तर पापुद्रा निघाला, मेन बंद करूनच उघडलं होतं. होल्डर न् हूड दोन्ही टाकून दिलं, सीलबंद एलईडीची पट्टी आणली, वायरला झोळ सोडला, बोर्ड भिंतीवर वर घेतला. चार दिवस झाले, बाहेर धो धो आहे, एकदाही पडली नाही. वायरमनला सांगितलं आरसीसीबी आहे तिथंच राहू दे. लई उपकार झाले तुम्हा दोघांचे.